पोटावर हात ठेवून बघ

अल खौद (ओमान), ११ ऑक्टोबर २०२४

चि. रमण,

आशीर्वाद. तू ते घेशील की नाही ठाऊक नाही, पण दिलेले आशीर्वाद परत करायची सोय आपल्या घरात नाही. तेव्हा ठेवून घे.

फोन केला असता तर तू उचलला नसतास, हे मला माहीत आहे. पण पत्र लिहायचं कारण ते नाही. मला फोनवर बोलवत नाही. चार शब्द झाले की दम संपतो. मग समोरचा "हॅलो, हॅलो, आवाज येत नाही" म्हणत बसतो आणि मी इकडे हवा गोळा करत बसते. कागदाला तेवढी घाई नसते. कागदावर मी अजून पूर्वीसारखी न थांबता बोलू शकते, आणि तुला ऐकून घ्यावं लागणार आहे.

विशाखाने गणपतीतला तुमच्या उर्वीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तो पाहिलास ना? अबोली साडी, हातात आरतीचं ताट. खाली सगळ्यांनी लिहिलंय, छान बाळसं धरलंय, गाल बघा कसे वर आलेत. मी तो फोटो मोठा करून बघितला. ते बाळसं नाही, रमण. ते गाल माझे आहेत. गेली कित्येक वर्षं मी आरशात बघते आहे ते. मी विशाखाला वेगळं विचारलं, तर ती म्हणाली, "यांच्याच गोळ्या देतो रोज एक. खोकला कसा बंद झाला! पंप नको म्हणतात हे, पंप चारचौघांत दिसतो."

आता नीट वाच. मागच्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींची शर्यत सोडायची होती. मुली रांगेत वाकून उभ्या. मी शिट्टी तोंडात धरली, फुंकली, आणि आतला मणी नुसता खडखडला. मुलींना वाटलं, बाई गंमत करतायत. त्या हसल्या, मीही हसले आणि हाताने इशारा करून शर्यत सोडली. दुसऱ्या दिवशीही तेच. पी.टी.च्या बाईला शिट्टी वाजवता येईना म्हणजे स्वयंपाक्याला विस्तव पेटवता येईना तशी गत. शेवटी तुझ्या भावोजींनी इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथे फुफ्फुसाच्या तपासणीला सबीहा आहे, आपल्या दाभोळची. तिने आधी मला खुर्चीवर बसवून नळीत फुंकायला लावलं. ते जेमतेम जमलं. मग म्हणाली, "ताई, आता उताण्या झोपा आणि तसंच फुंका." मी झोपले आणि मला कुणी छातीवर पाट्याची शिळा ठेवल्यासारखं झालं. बसून जेवढा श्वास भरला होता त्याच्या निम्माही आत जाईना. सबीहा यंत्राकडे बघायची सोडून माझ्या पोटाकडे बघायला लागली. नंतर तिने मला सांगितलं ते असं. छाती आणि पोट यांच्या मधे स्नायूचा एक पडदा असतो. माणूस श्वास घेतो तेव्हा तो पडदा खाली सरकतो आणि पोट वर येतं. माझं पोट श्वास घेताना वर यायच्या ऐवजी आत जातं. म्हणजे पडदा दुबळा झालाय, काम करत नाही.

रक्त झालं, नसा झाल्या, छातीचे सगळे फोटो झाले. दुसरं काही निघालं नाही. निघाल्या त्या आपल्या दम्याच्या गोळ्या, स्टेरॉइडच्या.

तू म्हणशील, मीही त्याच खातो. ते मी पुढे लिहीन. आज फक्त तीन गोष्टी कर. उर्वीच्या गोळ्या एकदम थांबवू नकोस, अजिबात नाही, एकदम थांबवल्या तर जिवावर बेतेल. तिला छातीच्या चांगल्या डॉक्टरकडे ने आणि रोज गोळी चालू आहे हे लपवू नकोस. आणि त्याआधी तिला उताणी झोपायला सांग, पोटावर हात ठेव आणि श्वास घ्यायला सांग. हात वर आला पाहिजे. तुला संकोच वाटला तर विशाखाला ठेवू दे.

आईच्या वर्षश्राद्धाला पाखाडीच्या पायऱ्या चढताना मी मधेच बसले, आणि वर पानं वाढून झाली तरी पोचले नाही. तेव्हा तू सगळ्यांदेखत म्हणालास की गल्फच्या एसीत बसून ताईचे पाय गेले, आणि तेव्हापासून माझ्याशी बोलणं टाकलंस. पाय गेले नव्हते. पण तेव्हा मलाही ते माहीत नव्हतं, त्यामुळे तुला काय बोलणार?

सबीहा सुट्टीवर निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र देते. एरवी तिच्यासारख्यांच्या बॅगेतून तिकडून गोळ्या यायच्या, यावेळी इकडून हे जातंय.

तुझी,
ताई


अल खौद, २९ नोव्हेंबर २०२४

चि. रमण,

सबीहा परत आली. तिने सांगितलं की तू पत्र न उघडता सदऱ्याच्या खिशात घातलंस, तिला चहा दिलास, कोकमं बांधून दिलीस आणि तिच्या हातात एक पुडकं ठेवलंस, "ताईला द्या" म्हणून.

पुडक्यात गोळ्या होत्या. तुझ्या अक्षरात वर लिहिलेलं, "जेवल्यावर". दीड वर्ष तू माझ्याशी बोलत नाहीस, मी मेले की जिवंत ते विचारत नाहीस, आणि गोळ्या मात्र न चुकता पाठवतोस. ते पुडकं मांडीवर घेऊन मी खूप रडले. रडायलाही दम लागतो, ते आता नव्याने कळतंय. भावोजी म्हणाले, "फेकून देऊ का?" मी नाही म्हटलं. ठेवलंय कपाटात आईच्या फोटोमागे.

आता तू विचारशील त्या प्रश्नाचं उत्तर. मला इथे डॉक्टर नसीबा बघतात. ओमानी आहेत, हिंदी आपल्यापेक्षा बरी बोलतात. मी त्यांना तुझ्याच तोंडचा प्रश्न विचारला, की माझा भाऊ त्याच गोळ्या माझ्याइतकीच वर्षं खातो, आंब्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन पाखाडी चढतो, मग मीच का? त्या म्हणाल्या, याचं नक्की उत्तर कुणाकडेच नाही. या गोळ्या स्नायू झिजवतात हे जुनं ठाऊक आहे, मांडीचे, दंडाचे आणि कधीकधी श्वासाचेही. पण बाईचा पडदा आणि पुरुषाचा पडदा त्यांना सारखाच दाद देतो का, हे फार कमी जणांनी बघितलंय. कारण पुष्कळ वर्षं असले प्रयोग बहुतेक नर उंदरांवरच व्हायचे. माद्यांचं महिन्याचं चक्र मोजमापात आडवं येतं, म्हणून त्यांना बाजूला ठेवायचे. जिथे दोघांना घेतलं, तिथे दोघांवर परिणाम एकसारखा दिसला नाही. कसा आणि का, ते शोधणं चाललंय.

मला हसू आलं, रमण. उंदरांतसुद्धा मादीला पंगतीला बसू दिलं नाही! मी डॉक्टरबाईंना म्हटलं, "म्हणजे माझ्या भावाचं औषध आधी उंदराच्या भावावर तपासलं होतं." त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या की बाई म्हणून किती आणि तुम्ही भावापेक्षा जास्त घेतल्या म्हणून किती, हे वेगळं करून सांगता येणार नाही.

आणि जास्त घेतल्याच होत्या. आठवतंय ना? तुझ्या हातात पंप असायचा. तू तो शाळेत न्यायचास, क्रिकेटच्या मधे खिशातून काढून ओढायचास, पोरं उलट तुला मान द्यायची. मला मात्र आई म्हणायची, "मुलीच्या तोंडाला पंप दिसला की झालं, ह्या घरात दमा आहे हे गावभर होईल." बघायला पाहुणे यायचे त्या आठवड्यात ती मला दुप्पट गोळ्या द्यायची, पोह्यांची बशी नेताना धाप लागू नये म्हणून. पहिल्या पाहुण्यांसमोर मी अशी टुणटुणीत होते की त्यांनी लगेच होकार दिला. लग्न होऊन इथे आले तरी पंप हातात धरायची लाजच वाटायची. इथली धूळ उठली की मी आपली तुझ्याकडून गोळ्या मागवायची आणि तू त्या मायेने पाठवायचास. कुणाचंच वाईट करायचं मनात नव्हतं. आईचंही नव्हतं.

संध्याकाळी खळ्यात आपण हुतूतू खेळायचो, ते आठव. तुझा दम मधल्या रेघेपर्यंत कसाबसा पुरायचा. मी मात्र तुमच्या सगळ्यांच्या अंगावरून धावून, दोघांना बाद करून, "हुतूतूतू" म्हणतच परत यायचे. तू चिडून म्हणायचास, ताई चोरून श्वास घेते. बाबा पडवीत बसून पंच व्हायचे आणि मला तोंड उघडून दाखवायला लावायचे. दमेकऱ्याची मुलगी आणि आळीत सगळ्यात लांब दम तिचा. तुला एकदाही मला हरवता आलं नाही. आता ये, आता हरवशील.

उर्वीच्या पोटावर हात ठेवलास का? नसशील ठेवला. पत्रच उघडलं नसशील तर कसा ठेवणार? पण मी लिहीत राहणार. खिसा भरला की एखादं तरी उघडशील.

ताई


अल खौद, १७ जानेवारी २०२५

चि. रमण,

विशाखाचा फोन आला. तिच्या तोंडून तुझा निरोप आला म्हणून मला आधी आनंदच झाला. मग निरोप ऐकला.

उर्वीला स्थळ आलंय. इथे मत्रहला बंदराच्या वर्कशॉपात सुपरवायझर आहेत, त्यांचा मुलगा केयूर. मुलगा चांगला, घर चांगलं, मूळ गाव आपल्या पलीकडच्याच खाडीवरचं. पत्रिका जुळली, फोटो पसंत पडला. उर्वी लग्न होऊन मस्कतला येणार म्हणजे माझ्यापासून तासाभराच्या आत. मला मूल नाही. ती पोर शाळेच्या सुट्टीत माझ्याकडे यायची, माझ्या शिट्टीवर घरात परेड करायची. तिचं घर मत्रहला असावं, यापेक्षा मला जन्मात काही नको. हे तुला माहीत आहे, म्हणून तर तू विचारतोयस.

विशाखा म्हणाली, "ते लोक पुढच्या शुक्रवारी तुमच्याकडे येतील. सहज चौकशी करतील, आजारपण वगैरे काही नाही ना म्हणून. यांनी सांगितलंय, ताईने फक्त एवढंच म्हणावं की मुलगी ठणठणीत आहे. मग सगळं मागचं विसरू म्हणतात. उन्हाळ्यात गावी या म्हणतात, खालूनच गाडी वर आणायची सोय केली आहे."

गाडी वर आणायची सोय केलीस? पाखाडीला वळसा घालून? म्हणजे तू पत्र वाचलंस. निदान पहिलं तरी वाचलंस. मग पोटावर हात का नाही ठेवलास?

मला तुझ्याशी बोलायचं आहे, रमण. तुला वाटतं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. आईबाबा गेले, आता लहानपणीची मी कशी होते हे सांगणारा तू एकटा उरलास. रात्री मला आता तोंडाला मास्क लावून झोपावं लागतं, एक यंत्र हवा आत ढकलतं, हे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. गावी येण्याइतकं बळ किती दिवस राहील, सांगता येत नाही. त्यामुळे तू टाकलेला गळ बरोबर ठिकाणी पडलाय.

मी विशाखाला विचारलं, गोळ्या चालू आहेत का? ती म्हणाली, "बघायचा कार्यक्रम होईपर्यंत रोज दोन देतोय."

दोन. आईनेही तेच केलं होतं.

ताई


अल खौद, ३१ जानेवारी २०२५

चि. रमण,

तुला एव्हाना कळलं असेल. तरी माझ्या हातचं वाच, नाहीतर तू विशाखाच्या तोंडचं खरं धरून बसशील.

केयूरचे आईवडील आले. येताना ओमानी हलव्याचा डबा आणला. भावोजींनी यंत्र झोपायच्या खोलीत ठेवून दार लोटून घेतलं होतं. मी सोफ्यावर तीन उशा पाठीशी घेऊन बसले, चांगली साडी नेसले, पावडर लावली. भावोजी आल्यागेल्याचं बोलत राहिले, मी हसत राहिले. हसायला आवाज लागत नाही.

चहा झाला. केयूरची आई माझ्याकडे वळून अगदी आपुलकीने म्हणाली, "ताई, तुम्ही मुलीच्या आत्या. तुम्ही तिला लहानपणापासून बघितलंय. काही दुखणंबिखणं नाही ना तिला?"

"मुलगी ठणठणीत आहे." एवढंच म्हणायचं होतं. तुला सांगते, ते वाक्य माझ्या एका श्वासात नेमकं बसत होतं. मी घरात म्हणूनही बघितलं होतं. खरं मात्र एका श्वासात बसणारं नव्हतं.

मी म्हटलं, "उर्वीला दमा आहे."

आणि श्वास संपला. त्यांची नजर माझ्यावर, भावोजींची नजर जमिनीवर. मी हवा भरून घेतली आणि म्हटलं, "पंप घेतला की तो ताब्यात राहतो." मग पुन्हा थांबले. तेवढ्यात केयूरचे वडील म्हणाले, "असू दे, असू दे, तुम्हाला त्रास होतोय." मी हाताने त्यांना थांबवलं, मैदानावर मुलींना थांबवते तसं. "पण पंप दिसतो. म्हणून घरचे गोळ्या देतात." पुन्हा थांबले. "लग्न ठरेपर्यंत दुप्पट." पुन्हा. "मला पण असंच दिलं होतं."

मग मी उठले, दोन्ही हातांनी भिंतीला धरत गेले आणि झोपायच्या खोलीचं दार उघडून दाखवलं. यंत्र, नळी, मास्क, ढीगभर उशा. पुढचं बोलायला माझ्याकडे दम उरला नव्हता. बोलायची गरजही नव्हती.

केयूरची आई चांगली बाई आहे. तिने मला धरून परत आणून बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. जाताना दारात म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, ताई. दुसरं कुणी नसतं सांगितलं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, आता ही म्हणेल की दमा काय, आमच्याही घरात आहे.

दोन दिवसांनी भावोजींना मेसेज आला की गुरुजींनी पुन्हा पाहिली, पत्रिका जुळत नाही. महिनाभर जुळत होती.

त्याच संध्याकाळी तू मला घरच्या ग्रुपमधून काढलंस. विशाखाने चोरून फोन केला. म्हणाली, तू म्हणालास, "माझ्या मुलीचं घर तिने बसायच्या आधी मोडलं. माझ्यापुरती ती मेली."

मी हे मुद्दाम केलं असं तुला वाटतंय. हो, मुद्दामच केलं. मला ती मत्रहला यायला हवी होती. पण इथे येऊन दहा-पंधरा वर्षांनी तिनेही शेजारच्या खोलीत मास्क लावून झोपायला नको होतं. मी मेले असं धरायचं तर धर. लवकरच खरंही होईल, तुला फार दिवस खोटं बोलावं लागणार नाही. पण त्याआधी एकदा तिच्या पोटावर हात ठेव.

हे पत्र घेऊन जायला कुणी तयार नव्हतं, सगळ्यांना बातमी कळली आहे. सबीहा म्हणाली, "मी पाठवते. माझा भाऊ स्वतः नेऊन देईल, इन्शाल्ला." हे पत्र तुला पोचलं का, एवढं तरी कळव.

ताई


अल खौद, २ मे २०२५

चि. रमण,

तुझा मेसेज भावोजींनी वाचून दाखवला. मग मी तो फोन हातात घेऊन स्वतः वाचला, पुन्हा पुन्हा वाचला. "ताई, चारही पत्रं वाचली. विशाखाला नाही सांगितलं, मीच हात ठेवला. ती श्वास घेते तेव्हा पोट आत जातं. थोडंसंच, पण आत जातं. मी तिकीट बघतोय, तुझ्याकडे येतो. काय करू ते सांग."

पहिलं म्हणजे रडू नकोस. तू रडला असशील, मला माहीत आहे. बाबांना धाप लागली की आपण दोघं त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसायचो, तेव्हा मी हात फिरवायचे आणि तू रडायचास.

आता काय करायचं ते. डॉक्टर नसीबांना मी विचारून घेतलं आहे. हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्याच दिवशी उर्वीला मुंबईला ने. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घे आणि किती दिवस, किती दिल्या ते डॉक्टरांना खरं सांग, मान खाली घालावी लागली तरी सांग. गोळी थोडी थोडी करून उतरवतील, तोवर एकही चुकवायची नाही. पंप सुरू करतील. तो तिने सगळ्यांसमोर ओढायचा, देवळात, बाजारात, पाहुण्यांसमोर. कुणी विचारलं तर तू उत्तर द्यायचं, तिने नाही.

आणि ऐक. पोट थोडंसंच आत जातंय, हे चांगलं आहे. ती बावीस वर्षांची आहे आणि रोजची गोळी सुरू होऊन अजून वर्षही झालेलं नाही. गोळी उतरली की पडदा पुन्हा भरून येतो, बहुतेकांचा येतो, हे डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं. मी दोनदा विचारलं म्हणून.

माझ्याबद्दल तू विचारलं नाहीस, ते बरं केलंस. पण पत्रात लपवून काय उपयोग? मार्चमधे मला न्यूमोनिया झाला. त्यानंतर मास्क दिवसाही लागतो. जेवायला काढते आणि हे पत्र लिहायला काढला आहे, म्हणून ते तुकड्यातुकड्याने लिहिते आहे, अक्षरावरून तुला कळेलच. माझ्या गोळ्याही उतरवल्या, पण माझा पडदा भरून येईल असं आता कुणी म्हणत नाही. मी त्यांना विचारायचं सोडून दिलं, म्हणजे त्यांनाही बरं वाटतं. शाळेने निरोप दिला. मुलींनी मला नवी शिट्टी दिली, चांदीची. वेडी पोरं.

तिकिटाचं. रमण, तू यावंस असं मला इतकं वाटतं की तुझा मेसेज वाचल्यापासून मी दाराकडे बघत बसते. दोन वर्षं तू बोलला नाहीस तेव्हा वाटलं नाही एवढं आत्ता वाटतंय. तू समोर बसावंस, काही बोलू नयेस, कोकमाचं सार प्यावंस. म्हणूनच सांगते, येऊ नकोस. एकाच वेळी तुला दोन ठिकाणी जाता येणार नाही. माझ्याकडे येऊन तू मला बघशील, रडशील आणि परत जाशील. मुंबईला गेलास तर पोर वाचेल. तू इथे आलास तर मी दार उघडणार नाही, सांगून ठेवते. तू मला ओळखतोस.

तू पाठवलेलं गोळ्यांचं पुडकं मी काल आईच्या फोटोमागून काढलं. वरचा "जेवल्यावर" लिहिलेला कागद तेवढा सोडवून घेतला आणि गोळ्या सबीहाकडे दिल्या, हॉस्पिटलात नष्ट करायला. कागद माझ्या उशीखाली आहे.

शेवटचं. मुंबईहून आल्यावर रोज सकाळी उर्वीला उताणी झोपवायचं आणि पोटावर हात ठेवायचा. तूच ठेव. नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. पहिले काही दिवस काहीच होणार नाही, हात तसाच राहील किंवा आत जाईल. घाबरू नकोस, तिला घाबरल्याचं दाखवू नकोस आणि हात काढू नकोस. एक दिवस तू काही न करता तुझा हात आपोआप वर येईल.

त्या दिवशी मला फोन कर. मला बोलता येणार नाही, पण तू बोल. आणि फोन भावोजींनी उचलला आणि मी नसले, तरी त्यांना सांग. हात वर आला, एवढंच म्हण. त्यांना कळेल.

तुझी,
ताई